शांतवनबाबांचा डावा पाय

शांतवनबाबा कुणाच्याही घरी गेले की आधी वहाणा काढत, डावा पाय उंबऱ्याच्या आत टाकत आणि तसेच थांबत. एक पाय आत, एक बाहेर. घरातलं माणूस "या, बसा" म्हणून दमायचं, पण बाबांचं तिकडे लक्ष नसे. मान किंचित कललेली, डोळे अर्धे मिटलेले. पाच-सहा श्वास झाले की दुसरा पाय आत यायचा आणि मग बाबा माणसांत यायचे. नवखा माणूस बुचकळ्यात पडे. वस्तीतल्या बायकांना मात्र त्याची इतकी सवय होती की बाबा उंबऱ्यावर थांबले की त्या चुलीवर चहाचं आधण ठेवायला उठत.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असंच. महायुद्ध सुरू होऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं आणि मिशनच्या शाळेवर मास्तर म्हणून माझी नेमणूक नगरहून नेवासे तालुक्यातल्या एका गावी झाली होती. शिंगणापूरच्या बाजूचं गाव. तालुक्यातून प्रवरा वाहते हे मी भूगोलाच्या तासाला शिकवत असे, पण आमच्या गावाला तिचा काही उपयोग नव्हता. शाळेला लागून असलेल्या खोलीत मी खाट टाकली, ट्रंक उघडली, आणि पाहतो तो दारात एक साठीचा माणूस एका पायावर ध्यान लावून उभा.

"मास्तर, खाट त्या भिंतीला घ्या," ते म्हणाले. "हितं खाली वल हाय. सांधं धरतील."

मी नगरला शिकलेलो, त्यामुळे अंगात थोडी मस्ती होती. फरशी कोरडी ठणठणीत आहे, हे मी त्यांना बोटानं दाखवलं.

"वरून कोरडी हाय," ते म्हणाले. "वरचं माझ्या पायाला कळत न्हाई." आणि निघून गेले.

मी हट्टानं आठ दिवस खाट हलवली नाही. नवव्या दिवशी गादीच्या कोपऱ्याला कुबट वास यायला लागला तेव्हा मुकाट्यानं हलवली. बाबा पुन्हा आले, पाय आत टाकला, खाटेची नवी जागा पाहिली आणि एक अक्षर बोलले नाहीत. मला तो माणूस तेव्हाच आवडला.

बाबा पाणाड्या होते. जमिनीखाली पाणी कुठे आहे हे सांगणारा माणूस. इतर पाणाडे तळहातावर नारळ धरत, कुणी दुबेळकं, म्हणजे झाडाची दुफाटी काटकी, घेऊन फिरत. बाबांजवळ यातलं काही नव्हतं. पहाटे, तोंडात पाण्याचा थेंब न घेता, कुणाशी न बोलता ते अनवाणी रानात जात आणि अगदी सावकाश चालत. जिथं पाणी असेल तिथं डाव्या तळव्याला गारवा लागे, तो घोट्यापर्यंत चढे आणि मग मुंग्या चालल्यासारखी बारीक थरथर सुरू होई. एवढ्यावर ते थांबत नसत. त्या जागेची मूठभर माती उकरून नाकाशी धरत. "पाय सांगतो, नाक सही करतं," असं त्यांचं म्हणणं. दोन्ही जुळलं तरच तिथं दगड ठेवायचा. तालुक्यात त्यांच्या दगडावर खणलेल्या कैक विहिरी होत्या आणि सगळ्यांना पाणी होतं. मोबदला म्हणून ते एक नारळ घेत. बड्या बागाईतदारांनाही "तुमच्या रानात न्हाई" असं तोंडावर सांगून ते परत येत. "व्हय म्हनायला कुनाचा बी पाय चालतो," ते मला एकदा म्हणाले, "न्हाई म्हनायला खरा पाय लागतो."

आणि दुसऱ्यांच्या रानात इतकं पाणी काढणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या वस्तीला विहीर नव्हती. वस्तीतली माणसं दोन पिढ्यांपूर्वी ख्रिस्ती झाली होती, पण गावच्या विहिरीला त्याचं सोयरसुतक नव्हतं. बाबांची विधवा लेक सगुणाबाई आणि इतर बाया सकाळी घागरी घेऊन विहिरीपासून दहा पावलांवर बसत. गावातल्या कुणाला दया आली की तो वरून पाणी ओती, घागरीला आपलं भांडं लागू न देता. कधी दया लवकर येई, कधी दुपार होई. मी पांढरा सदरा घालून शाळेत शिकवत होतो तरी माझी घागरही त्याच रांगेत असे.

शाळेमागे मिशनची पडीक जागा होती. तिथं आपली विहीर खणायची असं वस्तीनं ठरवलं. नगरच्या साहेबांकडे अर्ज मी लिहिला, आणि परवानगी आली. जागा कोण दाखवणार हा प्रश्नच नव्हता.

त्या उन्हाळ्यात बाबा तीन पहाटे त्या जागेवरून चालले आणि तिन्ही वेळा मान हलवत परत आले. वस्तीचे चेहरे उतरले. चौथ्या पहाटे मी बरंच अंतर ठेवून मागे गेलो. मुरमाच्या उंचवट्यावर बाबा थांबले ते थांबलेच. बराच वेळ गेला. मग खाली बसून त्यांनी माती उकरली, नाकाशी नेली, पुन्हा दुसरी मूठ घेतली, पुन्हा नेली. तिसरी मूठ त्यांनी नाकाशी धरून तशीच खाली सोडली. सूर्य वर आला होता आणि शाळेच्या पडवीत सगळी वस्ती जमून त्यांच्याकडे बघत होती. बाबांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, आणि दगड उचलून ठेवला.

"नाकानं सही केली का?" मी नंतर विचारलं.

"उन्हानं माती भाजलीय. वास न्हाई तिला," ते म्हणाले. "पर पाय असा कदी बोलला न्हवता, मास्तर. पार मांडीपत्तुर आलं."

केरूबा नावाचा खडी फोडणारा एक धिप्पाड गडी होता. कामाची सूत्रं त्यानं घेतली. दर घराचा एक माणूस, दिवसभराची मोलमजुरी उरकून, दिवस मावळेपर्यंत विहिरीवर. बाया पाट्यांतून मुरूम उपसत. पहिले बारा हात गाणी म्हणत गेले. मग मुरूम संपला, काळा दगड लागला, आणि गाणी थांबली. दिवसाला चार बोटं खाली गेलं तर पुष्कळ. तरी कुणी कुरकुरलं नाही. बाबांचा दगड आहे म्हणजे पाणी आहे, एवढं त्यांना पुरत होतं.

पावसाळा गेला, विहिरीत आभाळाचं साचलं तेवढं उपसलं. दिवाळीच्या सुमाराला एका संध्याकाळी मी बाबांकडे गेलो तर घरात धूर कोंडलेला. चुलीवर भाजायला टाकलेले बोंबील जळून कोळसा झाले होते, आणि बाबा चुलीपासून दोन हातांवर शांत बसलेले. सगुणाबाई शेजारून धावत आली. "आबा, नाक हाय का न्हाई तुमाला?" म्हणत तिनं तवा उचलला. बाबा तिच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी धुरात तोंड घातलं, जोरात श्वास ओढला, ठसका लागला. "धूर हाय," ते म्हणाले. "वास न्हाई." सगुणाबाई हसली. मला त्या उन्हाळ्यातल्या तीन मुठी आठवल्या आणि हसू आलं नाही.

त्यानंतर ते मला अधूनमधून एकटं गाठून एकेक सांगू लागले. डावा पाय नेहमीच गार असतो, रात्री पांघरुणात विटेचा शेक घेतला तरी. चर्चमध्ये बाकावर बसलं की थरथर लागते. खाटेवर निजलं की लागते. बैलगाडीत लागते. "पानी माझ्या मागं लागलंय, मास्तर," ते हलक्या आवाजात म्हणाले. "म्या चालतो तसं खालून ते बी चालतंय. म्या थांबलो की थांबतं. आदी म्या त्याला हुडकायचो, आता ते मला हुडकतंय."

मी त्यांच्या मांडीवर हात ठेवून पाहिला. काही लागेना. मांडी स्थिर होती.

"वर न्हाई. आत," ते म्हणाले. "मांजर कुशीत गुरगुरतं तसं. फकस्त हे मांजर झोपत न्हाई."

त्यांना भीती वाटत होती ती स्वतःची नव्हती. त्यांना वाटत होतं की वस्तीखाली, शाळेखाली, सगळीकडे पाणी वर चढत आहे आणि एक दिवस जमीन बसेल. सगुणाबाईला त्यांनी चूल दोनदा हलवायला लावली. शाळेत येऊन ते मुलांच्या रांगांमधून अनवाणी फिरत आणि मला खुणेनं सांगत, इथंही. चालताना त्यांचा डावा हात हलत नसे, अंगाला चिकटवल्यासारखा राही, आणि चेहऱ्यावरचं हसू कुठेतरी निघून गेलं होतं. कधी कधी वर्गात उभा असताना मलाही पायाखाली काहीतरी हलल्याचा भास होई, मग मी मुलांना मोठ्यानं पाढे म्हणायला सांगत असे.

नाताळ झाल्यावर मी त्यांना नगरला दवाखान्यात नेलं. युद्धामुळे पेट्रोल मिळत नव्हतं, मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी लावलेली. ती खडखडत, धुरत, चढावर दम खात चाले, आणि आतली माणसं चाळणीतल्या धान्यासारखी हलत. बाबा खिडकीशी बसले होते. कित्येक दिवसांनी त्यांचा चेहरा मला सैल झालेला दिसला. "हितं समदंच थरथरतंय," ते म्हणाले. "माझं मला कळंना झालंय. लई बरं वाटतंय." नगर आल्यावर उतरायला ते तयार नव्हते.

डॉक्टर वरच्या मजल्यावर बसत. लाकडी जिना चढून आम्ही गेलो. दाराशी बाबांनी सवयीनं वहाणा काढल्या, डावा पाय आत टाकला आणि थांबले. मागे रोग्यांची रांग होती, कुणीतरी पुटपुटलं. बाबांच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला मी पाहिला.

"मास्तर, ह्याच्या खाली काय हाय?"

"खालची खोली. औषधांची."

"मंग हितं पानी कसं लागतंय?"

त्यांनी मान खाली घालून आपल्या पायाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. डॉक्टरांनी पुढे जे सांगितलं ते त्यांना त्या उंबऱ्यावरच कळलं होतं, असं मला आजही वाटतं.

डॉक्टर वयस्कर होते, घाई नसलेले. त्यांनी बाबांना खोलीत चालायला लावलं, वळायला लावलं, मनगट धरून कोपर वाकवून पाहिलं. मग कपाटातून एक डबी काढून उघडली आणि डोळे मिटायला सांगून बाबांच्या नाकाखाली धरली. मी दोन हात लांब होतो, तरी हिंगाचा भपकारा मला आला.

"कशाचा वास येतोय?"

"रिकामी हाय डबी," बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी डबी मिटली. "कंपवात आहे," ते म्हणाले. "अजून हात थरथरत नाही, पण थरथरेल. बाहेर दिसायच्या आधी आतून जाणवतं, असं काही रोगी सांगतात. पाय गार पडतो, मुंग्या येतात, वास जातो. आमच्या पुस्तकांत हे नीट लिहिलेलं नाही, पण मी ऐकलंय."

बाबांनी एकच प्रश्न विचारला. "कवाधरनं असंल हे?"

"नक्की कसं सांगू? वर्ष. दोन वर्षंही असेल."

"गेल्या उन्हाळ्यात हुतं?"

"असू शकेल," डॉक्टर म्हणाले, आणि थेंबांनी घ्यायचं औषध लिहून दिलं.

परतीच्या मोटारीतून फाट्यावर उतरून आम्ही गावाची वाट धरली तेव्हा बाबा म्हणाले, "आज गेल्या गेल्या सांगतो समद्यांना. त्यो दगड पायानं ठिवला का दुखन्यानं, मला म्हाईत न्हाई. खनू नका म्हनतो."

मी त्यांना थांबवलं. हे मी केलं, आणि अगदी शहाण्यासारखं, समजुतीच्या सुरात केलं. म्हणालो, आजार तेव्हा होताच असं डॉक्टर म्हणाले नाहीत. असू शकेल म्हणाले. सव्वीस हात खणून झालं आहे. तुम्ही आज तोंड उघडलंत तर वस्ती उद्या पहार टाकेल, आणि पाणी चार हातांवर असलं तर? थोडं थांबा. दगड फुटू द्या. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. फक्त एक कारण मी त्यांना सांगितलं नाही. मिशनच्या साहेबांना मी तीन पत्रं लिहिली होती. विहिरीला पाणी लागणार हे निश्चित आहे आणि काम माझ्या देखरेखीखाली चाललं आहे, असं त्यांत ठासून लिहिलं होतं. साहेबांनी शाबासकीचं उत्तर पाठवलं होतं, आणि ते पत्र मी ट्रंकेत जपून ठेवलं होतं.

"तुमी शिकल्यालं हाय," बाबा एवढंच म्हणाले, आणि चालायला लागले.

असे दोन महिने गेले. बाबा रोज संध्याकाळी विहिरीच्या कडेला येऊन बसत आणि खाली बघत. औषधानं त्यांचं तोंड कोरडं पडे, जीभ टाळूला चिकटे. लोक वर येताना त्यांना विचारत, "किती हात ऱ्हायलं, बाबा?" बाबा माझ्याकडे बघत. मी म्हणे, "आलंच आता." एके दिवशी खालून किंकाळी आली. घण घसरला होता आणि केरूबाच्या उजव्या हाताची दोन बोटं दगडावर चिरडली होती. तालुक्याच्या कंपाउंडरनं ती कापून काढली. केरूबा पंधरा दिवसांत परत आला, डाव्या हातानं घण धरायला शिकला, आणि हसत म्हणाला, "पानी लागू द्या, हितंच धुवीन हात."

तो हे म्हणाला त्या संध्याकाळी बाबा माझ्या खोलीवर आले. उंबऱ्यावर थांबले नाहीत. सरळ आत आले आणि म्हणाले, "मास्तर, आता बास. उद्या सांगनार."

दुसऱ्या दिवशी काम सुटायच्या वेळेला, उजेड असतानाच, त्यांनी सगळ्यांना विहिरीपाशी बोलावलं. उपसलेल्या मुरमाच्या ढिगावर ते चढून उभे राहिले. बाया पाट्या टाकून आल्या, केरूबा खालून वर आला. बाबांनी बोलायला तोंड उघडलं, आणि त्यांचा डावा हात थरथरायला लागला.

तोवर ती थरथर कुणी पाहिली नव्हती, मीसुद्धा नाही. आधी बोटं, मग मनगट, मग पाय गुडघ्यापासून. बाबांनी उजव्या हातानं डावा हात धरला तर दोन्ही हलायला लागले. ढिगाऱ्यावरून बारीक खडे घरंगळत खाली आले. माणसांत कुजबुज उठली, आणि एक म्हातारी हात जोडून म्हणाली, "देवा, कसं बोलतंय बगा."

"पानी न्हाई," बाबा सांगत होते. आजारानं आवाज बारीक झालेला, कोरड्या तोंडातून शब्द धड निघेना. "ह्ये पानी न्हाई. माझं दुखनं हाय. खनू नका."

"बाबा, तुमी दमला," केरूबा म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "तुमी बोलू नका. तुमचा पाय बोलतोय, त्यो आमाला कळतोय."

लोक बाबांच्या पाया पडायला पुढे आले. बाबांनी त्यांच्या डोक्यांवरून माझ्याकडे पाहिलं. मी बोलायला हवं होतं. तिथं शिकलेला माणूस मी एकटाच, डॉक्टरांच्या समोर मी बसलो होतो, माझा शब्द लोकांनी ऐकला असता. मी पुढे झालो आणि बाबांना हाताला धरून ढिगाऱ्यावरून खाली उतरवलं. एवढंच केलं. आणि खरं सांगायचं तर तो थरथरता हात माझ्या हातात असताना मलाही क्षणभर वाटलं, खाली पाणी असेलच.

दुसऱ्या दिवसापासून वस्ती पहाटेही खणायला लागली. मजुरीवर जाण्याआधी दोन तास, आल्यावर दोन तास.

चौथ्या दिवशी संध्याकाळी बाबांनी केरूबाला सांगितलं की मला खाली सोडा. लोकांना आनंद झाला, बाबा तळाशी जाऊन ऐकणार म्हणून. मोठ्या पाटीत बसवून, दोर सांभाळून त्यांना चौतीस हात खाली उतरवलं. बाबा पाटीतून बाहेर आले, बरोबर मधोमध दगडावर मांडी घालून बसले, आणि वर बघून म्हणाले, "पाटी वर घ्या. म्या हितंच बसतो. आता चालवा पहार."

आधी कुणाला कळेना. मग विनवण्या झाल्या. सगुणाबाई काठावर बसून रडली. केरूबा चिडला, मग गयावया करायला लागला. बाबा हलले नाहीत. हात मात्र हलत होता, वरूनसुद्धा दिसत होता. दिवस कलला तेव्हा सगुणाबाई माझ्याकडे आली. "मास्तर, तुमी जा खाली," ती म्हणाली. तिच्या आवाजात विनंती नव्हती.

मी पाटीतून उतरलो. तळाशी गारवा होता, आणि वरचं आभाळ ताटाएवढं दिसत होतं. मी त्यांच्यासमोर टेकलो.

"हितं तरी थांबलंय का?" मी विचारलं.

"न्हाई. तसंच हाय. पर दगड कोरडा हाय, ते बुडाला कळतंय," बाबा म्हणाले. हसले असावेत, त्या चेहऱ्यावरून आता सांगता येत नव्हतं. "मास्तर, माझं कुनी ऐकत न्हाई. माझा हात माझ्यापरीस मोठ्यांदा बोलतोय. तुमी सांगा."

"काय सांगू?"

"डागदर काय म्हनला ते. अन् कवा म्हनला ते बी."

माझी सगळी अडचण त्या 'कवा'मध्ये होती आणि बाबांना ते ठाऊक होतं. मी म्हणालो, लोक मला माफ करणार नाहीत. बाबा म्हणाले, "मला बी न्हाई करनार. त्यात काय." मग म्हणाले, "ही मानसं जलमभर दुसऱ्याच्या विहिरीजवळ बसली. आता त्यांना खोट्या विहिरीत बशिवू नका."

मी वर आलो आणि सांगितलं. पाणी नाही. निदान बाबांच्या पायाला लागलं ते पाणी नव्हतं. हा आजार आहे, डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं आहे.

कुणी ओरडलं नाही. केरूबा पुढे आला. "कवा म्हनला डागदर?"

"नाताळनंतर."

"दोन महिनं झालं," तो म्हणाला. त्यानं आपला उजवा हात वर उचलून पाहिला, तीन बोटांचा. मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा मला त्या खड्ड्यात ढकलणार, आणि ढकललं असतं तर मी नाही म्हणालो नसतो.

एवढ्यात पाटी पुन्हा खाली सोडून दोर ओढणाऱ्यांनी बाबांना काठापर्यंत आणलं. पाटी कडेला टेकली. बाबांनी केरूबाचा चेहरा पाहिला, बाजूला एकटा पडलेला मी दिसलो, आणि पाटीतून उठायच्या आधीच ते बोलले. इतक्या दिवसांत त्यांचा आवाज एवढा स्पष्ट आला नव्हता.

"मास्तरला काय बोलू नका. ते सांगनारच हुते. म्या गप बशिवलं त्यांना. पवित्र शास्त्रावर हात ठिवून शपथ घ्याया लावली हुती."

सगळे बाबांकडे वळले. केरूबाचा हात खाली आला. सगुणाबाई तेवढी माझ्याकडे बघत होती. नगरहून आलो त्या रात्री बाबांनी तिला सगळं सांगितलं होतं, कुणी कुणाला थांबवलं ते सुद्धा. ती बोलली नाही, कारण तो तिच्या बापाचा शब्द होता. मी बोललो नाही, कारण मला सुटल्यासारखं झालं.

विहिरीचं काम त्या दिवशी बंद पडलं. दुसऱ्या सकाळी बाया घागरी घेऊन गावच्या विहिरीपासून दहा पावलांवर जाऊन बसल्या. बाबांना कुणी शिवी दिली नाही. पण पूर्वीसारखं त्यांना घरात कुणी बोलावलं नाही, आणि रस्त्यात दिसले तर माणसं मान वळवून त्यांच्या हाताकडे बघायची टाळत. आपल्या लोकांना दोन महिने जाणूनबुजून फसवलेला माणूस म्हणून बाबा उरलेले दिवस जगले. माझी शाळा भरलेली असे, माझी भाकरी पाळीनं घराघरांतून येत असे. मी अनेकदा ठरवलं, आज सांगू, रविवारी उपासनेनंतर उभं राहून सांगू. बाबांकडे गेलो की तेच मला म्हणत, "ऱ्हाऊ द्या. म्या आता चाललो. तुमाला हितं पोरं शिकवायची हायती." तेवढी सबब मला पुरत असे.

लढाई संपली त्या वर्षी बाबा गेले. शेवटी शेवटी ते लाकडासारखे ताठ झाले होते, फक्त हात हलत राहिला, आणि एका सकाळी तोही थांबला. खांदा द्यायला माणसं कमी होती. केरूबा मात्र आला. शवपेटीची पुढची बाजू त्यानं उचलली, खड्डाही बराचसा त्यानंच खणला, डाव्या हातानं. माती ओढून झाल्यावर आम्ही दोघे मागे राहिलो. त्यानं फावडं पुसलं आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "मानूस लई मोठा हुता, मास्तर. पर तुमाला तशी शपथ घालाया नको हुती त्यानं. तेवढं एक वंगाळ केलं."

मी मान डोलावली. "हो," मी म्हणालो, "नको होती घालायला."